सत्तावीस नंबरची चपाती

आमच्या भोर-वेल्ह्याकडच्या माणसांना जेवायला बसवून "कसं झालंय?" असं कुणी विचारू नये. विचारून काही उपयोग नाही. भात करपलेला असो, आमटीत मीठ दोनदा पडलेलं असो, उत्तर एकच येतं: "ब्येस हाय की." मी याच मातीतला, आंबवड्याचा, त्यामुळे हे मला ठाऊक असायला हवं होतं. तरीही गेल्या उन्हाळ्यात या दोन तालुक्यांतल्या घरांमधून चपातीबद्दलचं खरं मत गोळा करायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं आणि दोन महिने डोक्याचा भुगा करून घेतला.

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत गव्हावर काम करतो. एवढं सांगितलं की लोकांना वाटतं, हा बियाणं विकतो. तसं नाही. गव्हाचे काही रानटी भाऊबंद आहेत, दूर पश्चिमेकडच्या कोरड्या देशांत रस्त्याच्या कडेला उगवणारी गवतं. त्यांचा दाणा बारीक, टरफलात असा घट्ट बसलेला की नखानं निघत नाही. खायच्या दृष्टीनं शून्य. पण तांबेरा, गव्हाची पानं गंजवणारा रोग, त्यांच्या वाटेला जात नाही, आणि दाण्यात लोह आणि जस्त आपल्या गव्हापेक्षा जास्त. ते गुण आपल्या गव्हात आणायचे म्हणजे गव्हाचं त्या गवताशी लग्न लावायचं. ओंबी कोवळी असताना चिमट्यानं तिच्यातले पुंकेसर एकेक करून उपटायचे, वरून कागदी पिशवी घालायची, दोन-तीन दिवसांनी गवताचे पराग आणून आत झटकायचे. शेकडो फुलांमागे चार-दोन दाणे धरतात, तेही सुरकुतलेले. त्यांच्यातला अंकुर वेळेवर सोडवून काचेच्या नळीत जगवावा लागतो. ते रोप मोठं झालं की त्याचं पुन्हा गव्हाशी, पुढच्या पिढीचं पुन्हा गव्हाशी, असं जोडत न्यायचं, म्हणजे गवताचा गवतपणा जातो आणि हवा तो गुण तेवढा उरतो. निदान कागदावर तरी असंच असतं. प्रत्यक्षात गुणाच्या पदराला धरून गवताचं आणखी काय काय आत येतं, ते आधी कुणालाच कळत नाही.

अशा नऊ वर्षांच्या खटाटोपातून माझा सत्तावीस नंबर तयार झाला होता. त्याला अजून नाव नव्हतं, नुसता नंबर. तांबेऱ्याला तो दाद देत नव्हता, लोह-जस्ताचे आकडे चांगले होते, एकरी उतारा बरा होता. आता मे महिन्याच्या बैठकीत ठरणार होतं की सत्तावीस पुढं राज्यभर चाचणीला जाणार, की त्याचं बी पाकिटात बंद होऊन शीतगृहात पडणार. शीतगृहात गेलेलं बी जिवंत असतं, पण त्याची आठवण कुणाला येत नाही. आमच्या वरिष्ठांनी एकच अट घातली. आकडे ठीक आहेत, पण ज्यांनी हा गहू खायचा त्यांच्या घरात त्याची चपाती कशी होते ते लिहून आणा. मी फुशारकीनं म्हणालो, "माझं गावच आहे ते. आणि सत्तावीस तर दोन वर्षं माझी आईच खातेय. एकदाही तक्रार नाही." हे वाक्य मी त्याआधीही दोन बैठकांत टाकलं होतं, आणि दोन्ही वेळा ते लोकांना आवडलं होतं.

योजना साधी होती. पिठाच्या तीन पिशव्या, वर फक्त क, ख, ग. क मध्ये बाजारातला लोकवन, ख मध्ये आमचा एक जुना वाण, ग मध्ये सत्तावीस. घरातल्या बाईनं तिन्ही पिठं सारखीच मळायची: पीठ, पाणी, मीठ, बाकी काही नाही. गरम चपाती एकदा खायची आणि चार तासांनी गार झालेली एकदा, कारण शेतावर फडक्यात बांधून नेलेली चपाती दुपारी कशी लागते तोच खरा प्रश्न. मग प्रत्येकानं कागदावरच्या पाच चेहऱ्यांपैकी एकावर खूण करायची. पहिला चेहरा रडका, शेवटचा दात काढून हसणारा. अक्षर न येणाऱ्यालाही जमेल म्हणून मी ते चेहरे मुद्दाम काढून घेतले होते. मला त्यांचा फार अभिमान होता.

सुरुवात वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीपासून केली. तिकडे भाताचं राज्य. चपाती म्हणजे सणाला किंवा पाहुण्याला. इथंच माझी पहिली चूक झाली, कारण पाहुणा मीच होतो. घरधनीण साठीची, मी त्यांना मावशी म्हणायला लागलो. मावशींनी तिन्ही पिठांत सढळ हातानं तेल घातलं, वर प्रत्येक चपातीला घडी घालून पुन्हा तेल लावलं, आणि ताटात ठेवताना तुपाचा गोळा सोडला. मी म्हणालो, "मावशी, तेल नाही घालायचं, कागदावर लिहिलंय."

"लिव्हलं आसंल. पर बिनतेलाची चपाती पावन्याला वाढायची व्हय?"

"मी पाहुणा नाही. मी तपासायला आलोय."

"मंग तर लईच चांगली कराय पायजे," मावशी म्हणाल्या आणि तुपाची वाटी पुढं सरकवली.

घरातले आणि शेजारचे मिळून अकरा जण जेवले. अकराच्या अकरा जणांनी तिन्ही पिशव्यांसमोर हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. मी म्हणालो, तिन्ही सारख्या कशा असतील, नीट आठवा. एक म्हातारे आबा मिशा पुसत म्हणाले, "साहेब, अन्नाला नाव ठिवायची रीत न्हाई आमच्यात." मी त्यांना समजावलं की हे नाव ठेवणं नव्हे, ही माहिती आहे. त्यांनी मान डोलावली. मग माझ्याकडे सरकून हळूच म्हणाले, "तुमची कंची पिशवी तेवढी सांगा. तिला धा मार्क देतो." मला हसावं की रडावं कळेना. कागद मी घडी करून खिशात घातले, ते पुढं रद्दीत गेले.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो. या वेळी स्वतः चुलीपाशी उभा राहिलो, म्हणजे तेलाची बाटली कुणी उचलणार नाही. परिणाम असा झाला की बायकांनी लाटायचंच बंद केलं. पुरुष माणूस चुलीजवळ उभा राहून परातीकडे टक लावून बघतोय, हे त्यांना सहन होईना. सून लाजून मागच्या दारानं बाहेर गेली. मावशी म्हणाल्या, "तुमी भाईर बसा बरं, आमी करतो तुमी सांगताय तसंच." मी बाहेर बसलो. तेल तापल्याचा वास आला नाही, तेव्हा मला जरा धीर आला. चपात्या खरोखर कोरड्या केल्या होत्या. गरम खाऊन झाल्यावर प्रत्येक पिठाच्या सहा चपात्या तीन वेगळ्या फडक्यांत बांधल्या, वर चिठ्ठ्या टाचल्या, आणि चार तास हात लावायचा नाही असं बजावून मी तहसील कचेरीजवळ एका ओळखीच्या माणसाला भेटायला गेलो.

परत आलो तर माझ्यासमोर एका मोठ्या ताटात कुस्करा आला. कांदा, मिरची, हळद, शेंगदाणे, वरून कोथिंबीर. तिन्ही फडकी धुऊन वलणीवर वाळत घातलेली. "गार चपाती का कुनाम्होरं ठिवायची," मावशी म्हणाल्या. "खावा, ऊन ऊन हाय." मी विचारलं, "यात क कुठली, ख कुठली, ग कुठली?" त्या म्हणाल्या, "समदं येकच की आता." मी तो कुस्करा खाल्ला. उत्तम झाला होता. आणि ते सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते बघून मला आणखीच चिडचिड झाली.

जीपमधून परत येताना कापूरहोळला चहा घ्यायला थांबलो, तेव्हा मनाशी ठरवलं की आता पाहुणचाराच्या गावात जायचंच नाही. आपल्या घरी जायचं. माझी आई आंबवड्याला एकटी राहते. वडील गेल्यापासून तिच्या सोबतीला एक म्हैस आणि शेजारच्या बायका. आई कुणाची भीड धरणारी नाही. माझ्या लग्नात मुलीकडच्यांनी केलेल्या बुंदीला तिनं भर पंगतीत नाव ठेवलं होतं. माझं अक्षर, माझे केस, माझं गाडी चालवणं, माझ्या बायकोचा चहा, यातलं काहीही तिच्या तावडीतून कधी सुटलेलं नाही. या बाईकडे आधीच यायचं सोडून मी डोंगर कशाला चढत बसलो, याचा मला स्वतःवरच राग आला. शिवाय सत्तावीस तिच्या रोजच्या ओळखीचा. दर वर्षी चाचणीतून उरलेलं पोतं मी तिच्याकडे आणून टाकत होतो.

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. तेल घालायचं नाही, म्हणाली बरं. चार तास ठेवायच्या, म्हणाली बरं. एवढी शहाण्यासारखी वागताना मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि तिथंच मला शंका यायला हवी होती. शेजारच्या पाच बायका बोलावल्या. मी अंगणात बसलो. ग पिशवीची चपाती समोर आली, गरम असताना मऊ, चार तासांनीही मऊ, रंग स्वच्छ. बायकांनी या वेळी खुणा वेगवेगळ्या केल्या होत्या. ख ला एकीनं चक्क मधला, ना हसरा ना रडका चेहरा दिला होता. म्हणजे या बायका खरं बोलत होत्या. आणि ग, क च्या बरोबरीनं, सगळ्यांत वर आला होता. त्या संध्याकाळी मी बायकोला फोन करून सांगितलं की सत्तावीस पास झाला. मला फार आनंद झाला होता, ते लपवण्यात अर्थ नाही.

सकाळी निघताना वाटलं, उरलेलं ग चं पीठ प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा एकदा तपासून घ्यावं. क ची पिशवी जवळजवळ रिकामी, ख ची अर्धी. ग ची उचलली तर ती जशी आणली तशीच जड. तोंडाला मारलेली गाठसुद्धा माझीच. मी पिशवी खाली ठेवली आणि गोठ्याकडे गेलो.

आई गोठ्यात म्हशीपुढं घमेलं ठेवत होती. मी विचारलं, "काल ग ची चपाती कशाची केलीस?"

तिनं मागं न बघता सांगितलं, "लोकवनची."

"आणि सत्तावीस?"

तिनं घमेल्याकडे बोट दाखवलं. आंबोणातला भरडा मी ओळखला. मातकट तांबूस झाक असलेला दुसरा गहू त्या घरात येणार कुठून. म्हैस शांतपणे खात होती.

"कधीपासून?"

"पैल्या पोत्यापास्नंच. पैल्या दिशी चपाती केली, चिवाट झाली. म्हटलं आपलंच कायतरी चुकलं. दुसऱ्या दिशी कोमट पान्यानं मळलं, तरी तीच गत. तवापास्नं भरडून हिला घालते. हिला लई मानवतुया. दूध वाढलंय."

मी ओरडलो. गोठ्यात उभा राहून, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, आईवर ओरडलो. मी बैठकीत दहा माणसांसमोर सांगितलंय की माझी आई हा गहू खाते. तीनदा सांगितलंय. नऊ वर्षं, नऊ वर्षं मी त्या चिमट्यानं डोळे फोडलेत, आणि तू म्हशीला घालतेस, घाल, पण सांगशील की नाही. अख्ख्या जगाला नावं ठेवतेस, एवढ्या एका गोष्टीला तुला नाव ठेवता आलं नाही? म्हैस दचकून बाजूला झाली. आईनं तिची मान थोपटून तिला पुन्हा घमेल्याशी आणलं. मग म्हणाली, "घरात चल. शेजारी ऐकत्यात."

घरात गेल्यावर मी परात घेतली. गाठ सोडली आणि ग चं पीठ परातीत ओतलं. आई पुढं झाली तर मी म्हणालो, "तू हात लावायचा नाहीस." अठरा वर्षं गव्हात काढलेल्या माणसानं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कणीक मळली. आधी पाणी जास्त झालं, मग पीठ जास्त झालं. आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे हात सारखे पुढं येऊन परत मागं जात होते. लाटताना कडा फाटत होत्या. मला वाटलं माझ्या हाताचा दोष. म्हणून तसंच क चं उरलेलं पीठ मळून बघितलं. त्याची चपाती वेडीवाकडी का होईना, पण न फाटता लाटली गेली. मग मला आणखी काही विचारायचं राहिलं नाही.

चार तास आम्ही वाट बघितली. ती शेंगा फोडत बसली, मी मोबाईलवर उगाच जुन्या फाईली चाळत बसलो. दुपारी फडकं सोडलं. ग ची चपाती दुमडायला गेलो तर मधोमध तडकली. मी एक घास घेतला आणि चावत राहिलो. आईनंही एक तुकडा मोडून घेतला.

"हे तू दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतंस," मी म्हणालो, आवाज आता खाली आला होता, "तर मी तेव्हाच मागं वळलो असतो. पुन्हा चांगल्या चपातीच्या गव्हाशी जोडला असता. दोन वर्षं वाचली असती. मी दर फोनला तुला विचारत होतो."

"न्हाई इचारलंस."

"दर फोनला विचारलं, आई."

"तू काय इचारायचास ठावं हाय? 'चांगली होतीय ना गं चपाती?' आसं. परतेक येळंला आसंच. आन् मी व्हय म्हनायच्या आदीच तिकडं कुनाला तरी सांगायचास, आई म्हणतेय चांगली होते." ती फडकं घडी करत होती. "कशी होतीय, आसं तू कवा इचारलंस?"

मला आठवून बघायची गरजसुद्धा नव्हती. आबांनी निदान सरळ विचारलं होतं, तुमची कुठली पिशवी ते सांगा. आईला मी ते न विचारताच सांगून ठेवलं होतं, आणि वर तिच्याकडून दाखला घेऊन बैठकांत मिरवला होता. मला तिचा राग आला होता तो सगळा तसाच राहिला, फक्त तो आता कुठं ठेवायचा ते कळेना.

मी पिशवीतून कोरा कागद काढला. चेहऱ्यांचा नव्हे, साधा. पेन उघडलं आणि विचारलं, "कशी झालीय?"

आईनं दुसरा तुकडा घेतला. बराच वेळ चावला. "दाताला धरती. कड वाळली. रंग मळकाट, पावन्याला वाढाय लाज वाटंल. दुपारपत्तूर टिकायची न्हाई, ही बांधून शेतावं कुनी नेनार न्हाई. कनीक तानून बगितलीस का? ती वडली की तुटती, सैल व्हत न्हाई. तूप लावून खाल्ली तर येळ निभंल, पर रोज कोन लावतंय." ती थांबेल असं वाटलं, पण दोन वर्षांचं साठलेलं होतं. मी पान उलटून मागच्या बाजूला लिहीत गेलो. शेवटी ती म्हणाली, "वास मातूर चांगला हाय. भाजताना येतो त्यो. लोकवनला न्हाई येत."

मी पेन थांबवून तिच्याकडे बघितलं. माझं मन राखायला म्हणत असेल तर मला ते नको होतं.

"बगतोस काय," ती म्हणाली. "लिव की. बाकीचं लिवलंस तसं."